मडगार्ड कोणासाठी?



या वेळी पापड-लोणच्यांचा विषय नाही. विषय आहे सायकलच्या मडगार्डचा. हसू नका. जूनमध्ये शाळा आणि क्लास सुरू होतात म्हणून मुलांना सायकली घेतल्या जातात आणि जुलैमध्ये धुण्याच्या बादलीपाशी उभं राहून आपणच पुटपुटत असतो. म्हणजे विषय आपलाच झाला की नाही?

गेल्या वर्षी नातू आठवीत गेला म्हणून त्याला गिअरची सायकल घेतली. जाड टायर, डिस्क ब्रेक, सगळं झकपक. फक्त चाकांवर मडगार्ड नव्हते. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काकू, आता मुलं लावत नाहीत, लुक जातो." नातवानेही मान डोलावली. मी गप्प बसले, ती माझी चूक.

पहिल्याच पावसात शर्टाच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटली. आमच्या सांगलीची काळी माती काय असते ते इथल्या बायकांना सांगायला नको. चार दिवस मी बोलले, तेव्हा मुलाने "लुक" सांभाळणारा उपाय आणला. सीटखालच्या दांड्याला अडकवायची प्लॅस्टिकची आखूड पट्टी, किंमत १८० रुपये. पाठ कोरडी राहू लागली आणि घरात सगळे खूश.

मग एके दिवशी शेजारची मुलगी दारात आली. ती रोज याच्या मागून सायकलवर क्लासला जाते. म्हणाली, "आजी, मी याच्या मागून नाही येणार आता. काल याच्या चाकाचा चिखल माझ्या चष्म्यावर उडाला आणि समोरून आलेली रिक्षा मला दिसलीच नाही." नशिबाने रिक्षावाल्याने ब्रेक दाबला. ती हे अगदी साधेपणाने सांगत होती, माझ्या मात्र पोटात गोळा आला.

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिला. त्यातून एक शिकले, की टाळलेला खर्च बऱ्याचदा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर जातो. आम्ही मडगार्डचे पैसे वाचवले आणि ते त्या मुलीच्या डोळ्यांवर टाकले. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशी जूनपासून तो शर्ट रोज दहा मिनिटं जास्त घासत होत्या. ती दहा मिनिटं माझ्या वहीत कुठेच नव्हती.

म्हणून माझं मत असं, की मडगार्ड जितका स्वतःसाठी तितकाच मागून येणाऱ्यासाठी घ्यायचा असतो. हे एकदा मनात पक्कं झालं की कोणता घ्यायचा हा प्रश्न निम्मा सुटतो.

चाक फिरताना पाणी वर आणि मागे फेकतं. आखूड पट्टी फक्त आपली पाठ वाचवते, मागच्याच्या तोंडावर उडणारं पाणी अडवत नाही. त्यासाठी मडगार्ड चाकाला लागून गोल वळलेला आणि मागे बराच खालपर्यंत आलेला हवा. शेवटाला रबराचा फ्लॅप असला तर आणखी चांगलं. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलला असाच लोखंडी मडगार्ड होता, शेपटीला पांढरा पट्टा आणि वर लाल रिफ्लेक्टर. अंधारात मागून येणाऱ्याला सायकल दिसावी म्हणून तो पट्टा. बनवणाऱ्याने मागच्या माणसाचा विचार केला होता.

पुढचा मडगार्ड अनेक जण लावतच नाहीत. पण पुढच्या चाकाचं पाणी पायांवर, पेडलच्या मधल्या भागावर आणि चेनवर येतं. त्यात बारीक वाळू असते, ती तेलात मिसळली की चेन आणि दाते झिजतात. त्यामुळे पुढचाही हवाच, आणि तोही खालपर्यंत आलेला.

आता माप. टायरच्या बाजूवर आकडे छापलेले असतात, ते दुकानात जाण्याआधी कागदावर लिहून घ्या. आमच्या टायरवर २६ × १.९५ असं होतं. पहिला आकडा चाकाचा, दुसरा टायरच्या रुंदीचा, दोन्ही इंचात. १.९५ इंच म्हणजे साधारण ५० मिलिमीटर. मडगार्ड टायरपेक्षा निदान १० मिलिमीटर रुंद हवा, म्हणजे ६०चा. टायरइतक्याच रुंदीचा घेतला तर पाणी दोन्ही बाजूंनी निसटतं.

धातूचा की प्लॅस्टिकचा? लोखंडी टिकतो, पण जड असतो आणि रंग उडाला की गंजतो. ॲल्युमिनियम गंजून कुजत नाही, पण आपटला की पोचा येतो आणि स्क्रू सैल झाले की खडखडतो. चांगलं प्लॅस्टिक हलकं असतं आणि थोडं वाकून परत जागेवर येतं. शाळेच्या स्टँडवर सायकली एकमेकींवर पडतात, म्हणून मुलांसाठी मी प्लॅस्टिकच सुचवेन. मात्र ते चाकाच्या आसापाशी स्क्रूने पक्कं बसणारं असावं. त्यासाठी तिथे भोकं आहेत का ते आधी पाहा. डिस्क ब्रेक असेल तर मडगार्डची सळई ब्रेकला घासत नाही ना, तेही बघा.

बसवून झाल्यावर लगेच पैसे देऊ नका. चाक उचलून फिरवा आणि कुठे घासल्याचा आवाज येतो का ते ऐका. मग मुलाला सायकलवर बसवून पेडल आडवं ठेवायला सांगा आणि हँडल पूर्ण वळवा. बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला अडकत असेल तर वळणावर तोल जाईल.

विरुद्ध बाजूही सांगते. टायर आणि मडगार्ड यांत जागा कमी ठेवली तर शेताच्या वाटेवर काळी माती आत दाटते आणि चाक फिरेनासं होतं. मळ्यात राहणाऱ्यांनी अंतर जास्त ठेवावं किंवा पावसापुरता उंच बसणारा मडगार्ड लावावा, ते मला पटतं. पुढच्या चाकात काटकी अडकून चाक एकदम थांबण्याचीही भीती असते. म्हणून चांगल्या मडगार्डच्या पुढच्या सळयांना ओढ बसताच सुटणारी क्लिप असते, ती मागून घ्या. पण "लुक जातो" हे कारण मला पटत नाही.

आपण स्कूटरच्या मागे बसतो तेव्हा साडी चाकात जाऊ नये म्हणून तिथे साडीगार्ड असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण दुचाकीला लागतंच. तिथे लुक कोणी विचारत नाही. मग सायकलच्या वेळीच का विचारावा?

आम्ही शेवटी पूर्ण लांबीची जोडी बसवली. ६५० रुपये आणि बसवायचे ५०. वहीत मी आधीचे १८० "वाया" म्हणून लिहिले. नातू दोन दिवस फुरंगटून होता. तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि तो घरी आला तो पाठ कोरडी, मोजे कोरडे. मग काही बोलला नाही.

शेजारची मुलगी आता पुन्हा त्याच्या मागून जाते. तिच्या सायकलला पहिल्या दिवसापासून दोन्ही मडगार्ड होते. तिच्या आईने दुकानातच हट्ट धरून लावून घेतले होते. मीही तसाच हट्ट धरायला हवा होता. तुम्ही धरा.