चार वाजताचा चहा आणि पंधरा लाखांचा हिशेब

गेल्या चवथीला माझा भाचा बंगळूरहून आला होता. दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला, नेवऱ्या संपल्या, पाहुणे पांगले. तिसऱ्या दिवशी दुपारची झोप आटोपून चार वाजता मी नेहमीप्रमाणे चपला पायांत सरकवल्या, तेव्हा तो सोप्यावर मोबाईल घेऊन बसला होता.

“मामा, कुठे चाललास?”

“चहाला.”

“मामी आत चहा ठेवतेय की! रोज जातोस तू हॉटेलात?”

“रोज.”

“किती खर्च होतो?”

मी खरे ते सांगितले. चहा, सोबत मिरची भजी नाहीतर भाजी-पाव, आणि अधूनमधून कुणाचा तरी चहा माझ्या नावावर. सरासरी पन्नास रुपये. त्याने तिथल्या तिथे हिशेब मांडला. महिन्याला दीड हजार. हेच दीड हजार दरमहा म्युच्युअल फंडात टाकले आणि वर्षाला बारा टक्के वाढ धरली, तर वीस वर्षांत पंधरा लाख. “मामा, तू पंधरा लाखांचा चहा पितोयस!”

हिशेब बरोबर आहे. मी नंतर स्वतः करून पाहिला. बारा टक्के कुणी लिहून देत नाही आणि वीस वर्षांनी मी ऐंशीच्या पुढे असेन, हा भाग सोडला तर त्यात चूक काढता येत नाही. त्या दिवशी मी नुसता हसलो आणि निघालो. पण वाटेत लक्षात आले की हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. आमच्याच वाड्यावरची, माझ्याच वयाची माणसे आता हेच विचारू लागली आहेत. परवडते का, तब्येतीला बरे का, वेळ फुकट जात नाही का? तेव्हा एकदा सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

पहिला आक्षेप असा की घरचा चहा हॉटेलातल्या चहापेक्षा चांगला असतो. कबूल. आमच्या हॉटेलातला चहा उकळून उकळून काळपट झालेला, साखर जरा जास्तच. पण चहा चांगला मिळतो म्हणून हॉटेलात कोण जातो? देवळात कोणी तीर्थाच्या चवीसाठी जात नाही. हॉटेलात बाकड्यावर बसायचा हक्क मिळतो, समोर कोण बसावे हे आपल्या हातात नसते, आणि त्या हक्काचे भाडे म्हणजे तो चहा. पंधरा रुपयांत तासभर बसू देणारी दुसरी जागा मला दाखवा. पणजीतल्या वातानुकूलित कॉफीच्या दुकानात दीडशे रुपये मोजून माणूस एकटाच लॅपटॉपसमोर बसतो. त्याला मात्र कुणी पंधरा लाखांचा हिशेब ऐकवीत नाही!

दुसरा आक्षेप तब्येतीचा. हा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मला स्वतःला साखरेच्या गोळ्या चालू आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात म्हटले आहे की जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको, असेही सांगितले आहे. आता गोव्याचे घड्याळ पाहा. शीत-हुमण एकला, झोप तीनपर्यंत, चहा चारला, रात्रीचे जेवण नऊला. आपल्या पूर्वजांनी टॅनिनचे नाव ऐकले नव्हते, पण चार वाजताचा चहा दोन्ही जेवणांपासून लांबच बसवून ठेवला. जेवल्यावर लगेच ‘एक कटिंग’ मारणाऱ्या मुंबईकरांनी हवे तर काळजी करावी. साखरेचे म्हणाल तर मी बिनसाखरेचा मागतो. सुरुवातीला आमच्या हॉटेलवाल्या दादांनी माझ्याकडे दयेने पाहिले होते, आता न मागता तसाच येतो.

भज्यांच्या तेलाबद्दल मात्र मी वकिली करणार नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणे वाईट. त्यातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यावे, असा नियम २०१८पासून आहे. वर्तमानपत्राच्या कागदात भजी बांधून देण्यालाही मनाई आहे, कारण छपाईची शाई पोटात जाते. हे दोन्ही नियम योग्य आहेत आणि हॉटेलवाल्याला ते सांगणे हे रोजच्या गिऱ्हाइकाचेच काम आहे. वर्षातून एकदा येणारा तपासनीस काय सांगणार? कढईचा रंग मी रोज पाहतो. “दादा, आज तेल काळे दिसते” असे मी म्हणू शकतो, कारण उद्या मी परत येणार आहे हे त्यांना ठाऊक असते. गिऱ्हाईक तुटले की तो धाकही तुटतो.

तिसरा आक्षेप वेळेचा. तासभर बसून तुम्ही करता काय? गप्पा. या शब्दावर नाक मुरडणाऱ्यांना थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झाले. पुढे मडगावहून ‘राष्ट्रमत’ निघू लागले. १९६७च्या जनमत कौलाच्या आधी ‘गोमन्तक’ विलिनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, ‘राष्ट्रमत’ विरोधात. दोन्ही पत्रे मराठीत, हे आज तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. त्या काळात घरोघरी पेपर घेणारे किती होते? पेपर वाचायचा तो हॉटेलात. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग भांडायचे. १६ जानेवारी १९६७ला कौल झाला. संघप्रदेश राहावा म्हणून १,७२,१९१ मते पडली, विलिनीकरणासाठी १,३८,१७०. माझे वडील हरलेल्या बाजूचे होते. त्यांच्यासमोर रोज चहाला बसणारे शेजारी जिंकलेल्या बाजूचे. दुसऱ्या दिवशी दोघेही त्याच बाकड्यावर होते, हे मी वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. कोण कुणाशी काय बोलले ते त्यांनी सांगितले नाही. चहाचे पैसे कुणी दिले तेवढे मात्र सांगितले. जिंकलेल्याने.

पुढे १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेवरून गोवा पेटला. ४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषेचा कायदा झाला, देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीचा शासकीय वापर करण्याची तरतूद झाली. ते दिवस मी स्वतः पाहिले आहेत. सभांमधून, पत्रकांतून आम्ही एकमेकांना काय काय म्हणालो, ते आज आठवले तरी मान खाली जाते. पण हॉटेलात बसून मराठीचा कडवा कैवार घेणारा मी, “दादा, एक च्या आनी भाजी-पाव” असे कोंकणीतच मागत होतो, आणि कोंकणीवादी मित्र हातात मराठी पेपर धरून मला उत्तर देत होता. आमची खरी अवस्था काय आहे, हे व्यासपीठावर दिसत नव्हते, बाकड्यावर दिसत होते. आजही मी मराठीतच लिहितो आणि चहा कोंकणीतच मागतो. यात मला विसंगती वाटत नाही. विसंगती कुणाला वाटत असेल तर त्याने चार दिवस आमच्याकडे येऊन बसावे.

आता या भांडणांची जागा फोनवरच्या गटांनी घेतली आहे. तिथे आपल्याच मताची माणसे असतात, न पटणाऱ्याला काढून टाकता येते. बाकड्यावरून कुणाला काढता येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे लागते, आणि त्याचा मुलगा आजारी आहे हे आपल्याला माहीत असते. त्यामुळे जीभ आपोआप सांभाळली जाते. हे शिक्षण मला पन्नास रुपयांत मिळते. महाग आहे का?

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला.

आमच्या बाकड्यावर एक निवृत्त मास्तर यायचे. बायको वारलेली, मुलगी परदेशात. रोज चार वाजून दहा मिनिटांनी यायचे, चहा बशीत ओतून प्यायचे, पेपरातले कोडे सोडवायचे आणि फारसे कुणाशी न बोलता जायचे. आमच्या गप्पांत ते क्वचितच पडत. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एके दिवशी ते आले नाहीत. पाऊस होता, कुणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशीही साडेचार वाजले तरी पत्ता नाही. दादा गल्ल्यावरून उठले, पोराला कढईवर उभे केले आणि म्हणाले, “मास्तर येवंक ना. हांव पळोवन येतां.” मी त्यांच्यासोबत गेलो. दार आतून बंद होते. हाक मारल्यावर आतून बारीक आवाज आला. आदल्या दिवशी सकाळी न्हाणीघरात पडले होते, खुबा मोडला होता. दीड दिवस ते तिथेच होते.

मास्तर वाचले. आता मुलीकडे आहेत. रोज संध्याकाळी मुलीचा फोन त्यांना येत असे. पण त्या दोन दिवसांत फोन उचलला गेला नाही, तेव्हा पावसामुळे लाईन गेली असावी असे तिला वाटले, आणि त्यात तिचा काही दोष नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना कळले नाही, त्यांचाही दोष नाही. हल्ली दारे बंदच असतात. मास्तर आले नाहीत हे कळले ते एका चहा विकणाऱ्या माणसाला, कारण चार वाजून दहा मिनिटांनी एक चहा कमी खपला होता.

भाच्याच्या हिशेबात ही रक्कम कुठल्या रकान्यात मांडायची? पंधरा लाख साठवून मी न्हाणीघरात पडलो, तर ते पंधरा लाख उठून मला शोधायला येतील का?

एवढे बोलल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे म्हाताऱ्याचे गहिवरणे होईल. माझी बायको हा मजकूर वाचून म्हणाली, “तुमचे बाकडे तुम्हाला लखलाभ. मी कुठे बसू?” प्रश्न बिनतोड आहे. गोव्यातल्या जुन्या हॉटेलांत बायकांसाठी म्हणून मागे एक पडदा लावलेली कोंदट ‘फॅमिली रूम’ असायची. पुढचा पंखा, पुढचा पेपर आणि पुढच्या गप्पा सगळ्या पुरुषांच्या. ती न्हाणीघरात पडली असती तर कुठल्या बाकड्याला कळले असते? आणि माझ्या लहानपणी आमच्या कपबशा विसळणारा मुलगा माझ्याच वयाचा होता. मी शाळा सुटल्यावर भजी खायला जायचो तेव्हा तो सकाळपासून उभा असायचा. हॉटेलांत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर २००६ साली बंदी आली ती फार उशिरा आली. तेव्हा जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. पण म्हणून बाकडे मोडायचे नाही, लांब करायचे. गेले वर्षभर शनिवारी आम्ही दोघे जातो आणि पुढेच बसतो. पहिल्या दिवशी सगळे गप्प झाले होते. आता तिच्या मैत्रिणीही येतात आणि पेपर मला शेवटी मिळतो.

माझा खरा राग भाच्यावर नाहीच. त्याने निदान प्रामाणिकपणे हिशेब केला. राग आहे तो हळहळणाऱ्यांवर. पणजीतले एखादे जुने हॉटेल हलले, म्हापशातले एखादे बंद झाले की ही मंडळी जुने फोटो टाकतात. “काय ती पातळ भाजी! काय ते बन्स! गेले ते दिवस!” अहो, शेवटचे कधी गेला होता तुम्ही तिथे? खाणी थांबल्या तेव्हा खाणपट्ट्यातल्या रस्त्यावरची हॉटेले ट्रकांबरोबर ओस पडली, तो नाइलाज होता. पण तुमच्या वाड्यावरचे हॉटेल तुमच्याच पायांवर चालते. पदेराच्या भोंप्यावर कविता करायची आणि पाव सुपरमार्केटातून आणायचा, ही कसली संस्कृती? संस्कृतीला गिऱ्हाईक लागते.

आमच्या दादांचे वय माझ्याएवढेच. दोन्ही मुलगे नोकरीला आहेत, गल्ल्यावर बसायला कुणी तयार नाही. जागेला चांगली किंमत येते आहे. “आनीक दोन वर्सां पळयतां,” असे ते गेली दोन वर्षे म्हणताहेत. ते बंद झाले तर त्यांना बोल लावायचा हक्क मला नसेल. तुम्हाला तर नसेलच.

तेव्हा माझे उत्तर हे असे आहे. चार वाजताचा चहा परवडतो. ज्याला तो परवडत नाही त्याचे पैसे बाकड्यावरचा कुणीतरी देतो, ही तिथली जुनी रीत आहे. आमचे हॉटेल गेल्यावर त्याच्यावर लेख लिहायची पाळी माझ्यावर आणू नका. या उद्या. मात्र वेळेवर या, पातळ भाजी साडेचारला संपते.