सवय होईल म्हणे!

"सवय होईल हो हळूहळू."

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने नुसतं तोंड उघडलं तरी मला ते ऐकू येतं. पुण्याहून दादा फोनवर हेच म्हणतो. दादाचा मुलगा हेच म्हणतो, फक्त इंग्रजीत. दुकानदार हेच म्हणाला. दोघा ब्लॉगर मित्रांना मेल टाकून मदत मागितली, तर त्यांनीही खाली एक हसरा चेहरा टाकून हेच लिहिलं. तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे. नातेवाईकांपैकी जे जे वाचतायत त्यांनी राग मानू नये. मानलाच तर मानावा!

पार्श्वभूमी थोडक्यात. आईचा टॅब सहा वर्षांचा झाला, बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं. दादाने दसऱ्याला नवा पाठवला. चांगला महागाचा, पडदा सुरेख, आवाज खणखणीत. पण दुसऱ्या प्रणालीचा. (कंपन्यांची नावं घेत नाही. फुकट जाहिरातही नको आणि बदनामीही नको. शिवाय दोन्हीकडचे भक्त इथे येऊन भांडतात तो ताप वेगळाच.)

आता आई टॅबवर करते काय? बहुतेकांना वाटतं भजनं ऐकते आणि नातवंडांचे फोटो बघते. ते करतेच. पण आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, सगळी नोकरी परतूर तालुक्यातल्या खेड्यांत गेली, आणि निवृत्तीनंतर तिने एक काम अंगावर घेतलं. ओळखीच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या २०१७ पासून 'पारी'वर येतायत, हे तिला ठाऊक आहे. तिचं म्हणणं एवढंच की आपल्या दुधना काठच्या बायका काय म्हणायच्या ते आपण लिहावं. जुन्या टॅबवर तिने दोनशेच्या वर ओव्या टंकल्या. एका बोटाने. दुपारी चहा झाला की तास-दीड तास.

दसऱ्यापासून एकही नाही.

अडलं कुठे ते सांगतो, म्हणजे 'म्हातारी माणसं बदलाला घाबरतात' हे पालुपद थोडा वेळ बाजूला राहील. जुन्या टॅबवर खाली एक बटण होतं, दाबलं की मागे जायचं. काहीही बिघडलं, भलतीच खिडकी उघडली, कुणाला चुकून फोन लागायला लागला, तरी ते बटण होतं. नव्यावर ते नाहीच. कुठे डाव्या कोपऱ्यात बारीक बाण असतो, कुठे 'झालं' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, कुठे खाली ओढायचं, कुठे कडेवरून बोट सरकवायचं. प्रत्येक ठिकाणी वेगळं. आई मला विचारते, "अरे, मागं कसं यायचं रे?" आणि मला तिला उलट विचारावं लागतं, "तू कुठे आहेस आत्ता?" हे काही उत्तर झालं?

मग कळफलक. जुन्यावर ळ समोर दिसायचा. नव्यावर तो ल दाबून धरल्यावर वर उगवतो. आईचं बोट थोडं थरथरतं, दाबून धरता धरता निसटतं आणि ल उमटतो. आता सांगा, ओवीत बाळ किती वेळा येतं? माळ, गळा, कमळ, सकाळ, काळी चंद्रकळा? ळ नसलेली ओवी शोधावी लागेल. दऱ्या, वाऱ्यावर यांतल्या त्या आडव्या र ची तर कथाच नको. ती 'वार्‍यावर' हा शब्दच टाळायला लागली होती. माझ्या आईने, जिने चाळीस-चाळीस पोरांना शुद्धलेखन शिकवलं, एका यंत्रासाठी शब्द टाळायला सुरुवात केली, हे मला सहन झालेलं नाही. म्हणून हा लेख.

आणि अजून एक, ज्याच्यावर दादाचा मुलगा हसला. आई म्हणाली, "हा ल आपला नाही, हिंदीतला आहे." बरोबर आहे तिचं! पाकळीचा ल आणि शेंडीचा श हे मराठीचे, म्हणून राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ ला रीतसर शासन निर्णय काढून अक्षरं ठरवून दिली. युनिकोडमध्ये दोन्ही ल ला क्रमांक एकच आहे. मजकूर मराठी आहे हे यंत्राला कळलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, तरच मराठी वळण दिसतं. नाहीतर हिंदी. म्हणजे सोय करता येते, करणाऱ्याला गरज वाटत नाही इतकंच. आयुष्यभर फळ्यावर जो ल गिरवून घेतला तो टॅबवर चुकीचा दिसतो, आणि वर हसायचं तिलाच.

आता मुद्द्यावर येतो. 'सवय होईल' या वाक्यात एक लबाडी आहे. सवय ही आपोआप होत नसते, ती मेहनत असते, आणि ती कुणाच्या तरी अंगावर पडते. कुणाच्या, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

इंग्रजी टंकणाऱ्याचं बघा. क्वर्टी कळफलक १८७० च्या दशकात अमेरिकेत टाइपरायटरवर आला. तेव्हापासून टाइपरायटर गेले, संगणक आले, फोन आले, काचेवर बोट फिरवायची वेळ आली, पण ती अक्षरं जागची हलली नाहीत. पणजोबाने शिकलेली बोटं पणतूला चालतात. आता माझं बघा. मी नव्वदच्या दशकात जालन्याला टायपिंगच्या क्लासला जायचो, रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी मशीनवर. तिथे वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. पुढे डीटीपी आलं, श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, प्रत्येकाचं पोट वेगळं. कृतीदेवमध्ये लिहिलेला 'राम' दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की जे-के-ई असा इंग्रजीत उभा राहायचा. त्या काळातल्या माझ्या फायली आजही तशाच पडून आहेत, रामाच्या वनवासात. मग बरहा आलं, रोमनमध्ये लिहायचं आणि देवनागरीत वाचायचं. आपल्यापैकी निम्मे ब्लॉगकर त्याच वाटेने आले. मग इनस्क्रिप्ट शिकलो, तिथे वेलांटी अक्षरानंतर. म्हणजे बोटांना उलटं शिकवायचं. आणि आता टॅब. एका आयुष्यात किती वेळा बोटं बदलली? आणि टाइपरायटरवरची परीक्षा तर परीक्षा परिषदेने २०१७ साली शेवटची घेतली. माझी ४० शब्दांची सर्टिफिकेटं आता कपाटाची शोभा.

बरं, प्रमाण कळफलक नाही म्हणून हे होतं का? तर नाही. इनस्क्रिप्ट सरकारने १९८६ मध्येच ठरवला. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, आणि गंमत अशी की मराठी, तेलुगू, कन्नड, बंगाली सगळ्यांचा क एकाच कळीवर. ळ ल च्याच कळीवर, शिफ्ट दाबून. अहो, इतका शहाणा विचार आपल्या देशात झालाय! पण काचेवर तो कसा मांडायचा, हे प्रत्येकजण आपल्या मनाने ठरवतो.

दादा म्हणतो, "अरे, जग पुढे जातं. आई चुलीवरून गॅसवर आलीच ना?" आली. लगेच आली, कारण धूर गेला. एटीएम शिकली, कारण बँकेतली रांग गेली. परवा भाजीवाल्याला कोड स्कॅन करून पैसे दिले तिने. तिला बदल पचत नाही हे खोटं आहे. ज्या बदलात तिला काही मिळतं तो ती आठवड्यात शिकते. मागे यायचं बटण काढून तिला काय मिळालं, हे मला कुणीतरी सांगा.

बदल कसा करावा हे आपल्याकडे माहीत नव्हतं असंही नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. केवढा मोठा बदल! आणि आमच्या मराठवाड्यातल्या माणसाने त्याआधी हाली सिक्का बघितलेला, तोही पचवलेला. पण सरकारने काय केलं? नव्या पैशाला 'नवा' म्हटलं, म्हणजे घोळ नको, आणि ते विशेषण १९६४ पर्यंत ठेवलं. जुनी नाणी काही वर्षं सोबत चालू दिली. हिशेबाचे तक्ते निघाले. आणि पंचवीस नि पन्नास पैशांची नाणी पाडली, त्यामुळे चार आणे आणि आठ आणे जागच्या जागी बसले. पंचवीस पैसे २०११ साली चलनातून गेले, तोपर्यंत लोक त्याला चार आणेच म्हणत होते, आणि कुणाचंही बिघडत नव्हतं.

किंवा आमच्या स्टेशनवरचंच उदाहरण घ्या. परतूरवरून जाणारी लाईन निजामाच्या काळातली, मीटर गेज. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. रूळ उखडले, स्लीपर बदलले, इंजिनं बदलली, डबे बदलले. आणि परतूरच्या प्रवाशाने काय बदललं? काही नाही. तिकीट काढलं आणि बसला. डब्यात आता दार वरून ओढायचं असतं, सवय होईल, असं त्याला कुणी सांगितलं नाही. :)

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी विंडोज ८ आठवावी. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती आली आणि डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब. जगभरचे तरणेताठे, संगणक कोळून प्यायलेले लोक बोंबलले. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं. त्यांना कुणी म्हातारे म्हटलं नाही, 'ग्राहकांचा अभिप्राय' म्हटलं. आईने तेच म्हटलं तर ते वय.

आपल्याकडच्या अंगणवाडीताईंचं तर विचारूच नका. २०२१ मध्ये जुनं ॲप बंद होऊन 'पोषण ट्रॅकर' आलं. माहिती इंग्रजीत भरा, आणि हातात सरकारी फोन असा की त्यात ते ॲप धड मावेना. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या ताईंनी ते फोन सरकारला परत करायला सुरुवात केली. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच, यांना शिकायला नको. ज्या बाईला गावातल्या प्रत्येक पोराचं वजन तोंडपाठ असतं, तिला शिकायला नको! पोराचं नाव मराठी, आईचं नाव मराठी, गाव मराठी, आणि भरायचं इंग्रजीत. त्या फोन परत करू शकल्या, कारण त्या लाखभर होत्या. माझी आई एकटी आहे. तिने टॅब परत नाही केला, उशीखाली ठेवला. आणि मला म्हणाली, "माझंच डोकं चालंना गेलंय आता."

हे वाक्य मला जास्त लागलं. यंत्र बिघडलं तर माणूस म्हणतो यंत्र बिघडलं. रचना वाईट असली की माणूस म्हणतो मीच बिघडलो. दुकानदार, दादा, भाचे-पुतणे, सगळे त्यालाच माना डोलवतात.

नव्या टॅबमध्ये काही चांगलं नाही असं मी म्हणत नाही. अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. बोललेलं मराठी बऱ्यापैकी टंकतो, फक्त ओवी सांगितली की त्याची त्रेधा उडते, कारण 'जात्याईसवरा' त्याने बापजन्मात ऐकलेलं नसतं. तीन रविवार घालवून मी काही गोष्टी लावल्यात. अपंगांसाठीच्या सोयींच्या पोटात पडद्यावर तरंगणारं एक बटण सापडलं, ते चालू केलं. दाबून धरायचा वेळ कमी केला. इंग्रजी कळफलक काढून टाकला, चेहऱ्यांचा काढला. चार चौकोन सोडून बाकी सगळं दुसऱ्या पानावर ढकललं. आता गेल्या आठवड्यापासून ती फोटो बघते, दादाला व्हिडिओ कॉल लावते. ओव्या मात्र वहीत लिहिते. त्रेचाळीस झाल्यात. सातोन्याकडची एक आजी आहे, नव्वदीच्या पुढची, तिला एका बसण्यात वीस-वीस आठवतात. थंडीने तिचा आवाज बसत चाललाय, त्यामुळे आई टॅबची वाट बघायला तयार नाही. ते बरोबरच आहे.

तेव्हा दादा, संक्रांतीला येशील तेव्हा चिरंजीवांना लॅपटॉपसकट घेऊन ये. वहीतलं सगळं टंकायचं काम त्याच्याकडे. ळ कुठे आहे ते त्याने आजीला विचारू नये.