स्थितिपट्टी कोणाच्या हाती?

संगणकावर मजकूर लिहिण्याचे जे कार्यक्रम आज कचेऱ्यांत, शाळांत आणि घरोघरी वापरले जातात, त्यांच्या तळाशी बहुधा एक अरुंद पट्टी असते. ओळ कितवी, शब्द किती झाले, मजकूर जतन झाला की नाही, कळफलक मराठी आहे की इंग्रजी, अशा गोष्टी ती सांगते. तिला स्थितिपट्टी म्हणता येईल. ही माहिती केव्हा ताजी व्हावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आणि निव्वळ तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो लिहिणाऱ्याच्या अवधानाचा आणि विश्वासाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची जुनी ओळख मुंबईच्या छापखान्यांना होती. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेला निर्णयसागर छापखाना ज्या काळबादेवी परिसरात नावारूपाला आला, तो गिरगावातील खोताच्या वाडीपासून फार दूर नाही. खिळे जुळवणारा कंपोझिटर दर खिळ्यागणिक प्रूफ काढीत नसे. गॅली भरली की शाई फिरवून ठसा घेतला जाई. त्याआधी काढलेले प्रूफ म्हणजे कागदाची नासाडी. फार उशिरा काढलेले प्रूफ म्हणजे बांधलेले पान पुन्हा सोडवण्याची आपत्ती. प्रूफ केव्हा काढावे, हे काम ओळखणारा माणूस ठरवीत असे.

संगणकाने हा निर्णय माणसाच्या हातून बव्हंशी काढून घेतला. मराठी लिहिणाऱ्याला त्याची झळ अधिक लागते. ‘विद्यार्थी’ हा शब्द इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहिताना दहा वेळा कळ दाबावी लागते. वाचणाऱ्याला मात्र अक्षरे दिसतात तीन. मधल्या टप्प्यांत पाय मोडलेला ‘द्’ किंवा ‘र्’ पुढच्या व्यंजनाची वाट पाहत असतो. दर कळीला आकडे बदलणारी पट्टी अशा अपुऱ्या अक्षरांचाही हिशेब मांडीत राहते. हा हिशेब कोणाच्या उपयोगाचा? दर वेळी सारा मजकूर पुन्हा मोजायचा झाल्यास जुन्या यंत्रावर शक्ती खर्ची पडते, ते वेगळेच. डोळ्यांच्या कोपऱ्यात काही हलले की लक्ष तिकडे वळते, आणि वाक्य अर्ध्यावर राहते.

म्हणून पट्टी सावकाश बदलावी, असा सरसकट निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. कळफलक इंग्रजीत गेला असताना पट्टी ‘मराठी’ दाखवीत राहिली, तर अर्धी ओळ निरर्थक रोमन अक्षरांत उमटते. मजकूर जतन झालेला नसताना तो झाला असे दिसले, तर दिवसभराचे श्रम वाया जाऊ शकतात. जेकब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा येथे उपयोगी आहेत: सुमारे एक दशांश सेकंदात मिळालेला प्रतिसाद माणसाला तत्क्षणी मिळाल्यासारखा वाटतो, तर एका सेकंदापर्यंतच्या विलंबाने विचाराचा ओघ तुटत नाही. तेव्हा जतन आणि भाषा यांची खूण तत्काळ बदलावी. शब्दसंख्येने लिहिणारा थांबेपर्यंत वाट पाहावी.

हे अशक्य नाही. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसृत केलेल्या ‘विम’ या संपादकात, लेखन चार सेकंद थांबले की ठरावीक कामे आपोआप होतात. हा अवधी वापरणाऱ्याला बदलता येतो, आणि पट्टी तत्क्षणी ताजी करण्याची स्वतंत्र आज्ञाही आहे. ‘ईमॅक्स’च्या पट्टीत घड्याळ दाखवायचे ठरवले, तर ते साठ सेकंदांनी पुढे सरकते, तोही अवधी बदलता येतो. मात्र कचेऱ्यांत आणि शाळांत बसणाऱ्यांच्या वाट्याला असे कार्यक्रम क्वचितच येतात.

नोकरदाराला हे तत्त्व अपरिचित नाही. बाजारातील भाव रोज बदलतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता मात्र १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांपासून, बारा महिन्यांच्या सरासरी निर्देशांकावरून ठरतो. रोज बदलणारा पगार कोणाला नको असतो, आणि वर्षानुवर्षे गोठलेला तर कोणालाच परवडत नाही. मापनाची वेळ ठरवणे हीच एक सत्ता असते, हे भत्त्याची वाट पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तीच सत्ता, लहान प्रमाणात का होईना, लिहिणाऱ्याला परत मिळाली पाहिजे. शाळा आणि सरकारी कचेऱ्या लेखनाचे कार्यक्रम निवडताना किंमत आणि टंक पाहतात. स्थितिपट्टीची वेळ वापरणाऱ्याला ठरवता येते काय, हेही त्यांनी विचारावे. यंत्राने खरे सांगावे ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्याने केव्हा बोलावे, हे काम करणाऱ्याने ठरवावे.