घरचे उटणे आणि विज्ञानाचा तराजू

विज्ञानविषयक लेखनाचे मराठीकरण करणाऱ्याला मोठमोठ्या पारिभाषिक संज्ञांपेक्षा साधे शब्दच अधिक अडवतात. काही दिवसांपूर्वी एका घरगुती साबणाच्या वेष्टनावर ‘रसायनविरहित साबण’ अशी अक्षरे मी वाचली आणि त्या एका विशेषणापाशी बराच वेळ थबकलो. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम लवण. तेव्हा रसायनविरहित साबण म्हणजे पाण्याविना नदी म्हणण्यासारखे झाले. याहून गमतीची गोष्ट अशी की, आपल्या आयुर्वेदात ‘रसायन’ या शब्दाचा अर्थ जरा आणि व्याधी यांना दूर ठेवणारे औषध असा आहे. ज्या शब्दाने एकेकाळी दीर्घायुष्याची आशा दाखविली, तोच शब्द आज भीती दाखविण्यासाठी वापरला जावा, हा भाषेचा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

परंतु हा वाद केवळ शब्दांचा असता, तर त्यासाठी मी वाचकांचा वेळ घेतला नसता. आमच्या जबलपुरात आज कित्येक घरांतून उटणी, लेप, केश-धावने, साबण आणि मलमे तयार होत आहेत. 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या काळापासून आणि त्यानंतरही नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांनी दिवाळीच्या अभ्यंगस्नानाबरोबर उटण्याची परंपराही जपली. तिला आता नव्या उत्साहाची जोड मिळाली आहे. ही गोष्ट मला मनापासून आवडते. आपण अंगाला काय लावतो हे स्वतः जाणून घेण्याची इच्छा ही विज्ञानाचीच पहिली पायरी होय. मात्र ‘नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे’ असे म्हणून पुष्कळजण त्या पहिल्याच पायरीवर बसून राहतात. माझे म्हणणे असे की, जुन्या घरगुती वस्तूंची निर्धोकता त्यांच्या नैसर्गिकपणात नव्हती. ती त्या बनविण्याच्या आणि वापरण्याच्या शिस्तीत होती. आपण कृती तेवढी उचलली आणि शिस्त मागे ठेवली.

कोरडेपणाचे शहाणपण

उटण्याचाच विचार करू. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, गव्हला, चंदन, मसुराचे पीठ ही त्यातील नेहमीची द्रव्ये. पावसाळा सरून हवा कोरडी झाली की ती उन्हात खडखडीत वाळवावयाची, कुटावयाची, वस्त्रगाळ करावयाची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावयाची. स्नानाच्या वेळी लागेल तेवढेच वाटीत घेऊन दुधात किंवा पाण्यात कालवावयाचे आणि उरले तर टाकून द्यावयाचे. कालविलेले उटणे दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेले कोणत्याही आजीने खपवून घेतले नसते.

या रीतीचे मर्म स्वयंपाकघरात सहज सापडते. थालिपीठाची भाजणी डब्यात महिनोन्‌महिने राहते. तीच भिजवून ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते. सूक्ष्मजंतूंना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. एखाद्या पदार्थात असे पाणी किती उपलब्ध आहे ते दाखविणाऱ्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता 1 मानली जाते, ती 0.9 च्या खाली गेली की बहुतेक जीवाणूंची वाढ थांबते आणि 0.6 च्या खाली बुरशीही तग धरून वाढू शकत नाही. आजीला हा आकडा ठाऊक नव्हता, परंतु तिच्या डब्याने तो पाळला होता.

आता आजच्या कृती पाहा. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस आणि थोडे ग्लिसरीन घोटून एक सुंदर हिरवट लेप बाटलीत भरला जातो आणि न्हाणीघरातील फळीवर महिनाभर राहतो. द्रव्ये सगळी बागेतली. पण बाटली मात्र जंतूंसाठी वाढून ठेवलेले ताट. आमच्याच घरी एका श्रावणात अशी बाटली भरली गेली होती. तिच्यातील लेपाला ना वास आला होता, ना रंग बदलला होता. भाचीने घामोळे खाजविलेल्या मानेवर तो दोन दिवस लावला आणि तिसऱ्या दिवशी तेथे पुवाचे फोड उठले. दोष त्या बाटलीचाच होता असे सिद्ध करणे मला शक्य नाही. परंतु एका मिलिलिटरमध्ये लाखो जंतू असले तरी द्रव डोळ्यांना स्वच्छ दिसू शकतो, हे मी स्वतः भाषांतरित केलेले वाक्य त्या दिवशी मला नव्याने समजले.

म्हणूनच ज्यांना ओला लेप हवा आहे, त्यांच्यापुढे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. लेप त्या दिवसापुरता करावा, किंवा त्यात मोजून परिरक्षक द्रव्य घालावे. परिरक्षक म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण बेंझोइक आम्ल हे परिरक्षक पूर्वी आपल्या देवघरातल्या लोबानापासूनच काढीत असत! कारखान्यात तयार झालेला त्याचा रेणू आणि लोबानातील रेणू यांत तिळमात्र भेद नाही. हे द्रव्य आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करते, हे मात्र जाणून घ्यावे लागते. आणि जाणून घेणे हाच येथे खरा प्रश्न आहे.

साबणाला माफ न होणारी चूक

उटण्यात चिमूटभर कमी-अधिक झाले तर बिघडत नाही. साबणाचे तसे नाही. लेब्लांने 1791 मध्ये मिठापासून सोडा बनविण्याची रीत काढली आणि 1823 मध्ये शेव्ररल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तेलातुपाचे अंतरंग उलगडून दाखविले. त्यानंतरच साबण हा अंदाजाचा विषय न राहता हिशेबाचा विषय झाला. आपल्याकडे 1916 मध्ये म्हैसूर संस्थानाने साबणाचा सरकारी कारखाना काढला आणि 1918 मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पतिजन्य तेलाचा साबण बाजारात आणला. तेल स्वदेशी झाले, पण तराजू काही सुटला नाही.

त्याचे कारण असे की, प्रत्येक तेलाला लागणारा दाहक सोडा वेगळा असतो. 100 ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे 18 ग्रॅम दाहक सोडा लागतो. आमच्या मंडला-डिंडोरीच्या जंगलांतून मोहाच्या बियांचे तेल येते. त्याला या भागात गुल्लीचे तेल म्हणतात. त्याच्या 100 ग्रॅमला मात्र सुमारे 14 ग्रॅमच पुरतो. आता कोणी खोबरेलाची कृती हाताशी धरली आणि ‘तेल ते तेल’ म्हणून त्यात मोहाचे तेल घातले, तर 4 ग्रॅम दाहक सोडा कोणाशीही संयोग न पावता त्या साबणात तसाच राहील. मोहाचे झाड नैसर्गिक, तेल नैसर्गिक, बनविणाराचा हेतू निर्मळ. आणि तरीही त्या वडीने तान्ह्या मुलाची त्वचा भाजून निघेल.

दाहक सोडा हाताळण्याचे नियमही थोडेच, पण अनुल्लंघनीय आहेत. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. ते उसळून तोंडावर येते. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये. सोडा त्या धातूला खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेत, व मुले त्या खोलीत नसावीत. सोडा अंगावर उडालाच तर लिंबू किंवा सिरका शोधत न बसता वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे तो भाग धरावा. डोळ्यात गेल्यास तसेच धुवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

निसर्गाला पक्षपात नाही

भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहण्यासाठी देशभरातून लोक येतात. त्या परिसरातील डोलोमाइटी संगमरवराच्या सोबतीने शंखजिरेही सापडते, आणि त्यातून कोरलेल्या मूर्ती व डब्या तेथील दुकानांत मांडलेल्या असतात. नखाने ओरखडा उठावा इतके मऊ असे हे खनिज म्हणजे अंगाला लावावयाच्या पावडरीचा कित्येक दशकांचा आधार. त्याच्याइतके नैसर्गिक काय असू शकेल? ते तर पृथ्वीच्या पोटातून जसेच्या तसे येते. तथापि, काही ठिकाणच्या शंखजिऱ्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2024 मध्ये खुद्द शंखजिऱ्यालाच ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले आहे. तेव्हा बाळाच्या अंगाला पावडर हवीच असेल, तर तवकिलाचे पीठ अधिक बरे. आणि तेही नाकातोंडाशी उडू न देता.

बावचीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. काही घरच्या उटण्यांत बावचीही पडते. तिच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेवर असताना ऊन लागले, तर उन्हातील अतिनील किरणांच्या योगाने त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. याच गुणाचा उपयोग कोडावरील उपचारांत वैद्यकीय देखरेखीखाली करून घेतला जातो. नरकचतुर्दशीचे स्नान सूर्योदयापूर्वी उरकण्याची आपली रीत आहे. तिच्यामागे हे ज्ञान होते असा दावा मी करणार नाही. पण पहाटे लावून धुतलेले उटणे आणि दुपारी बावचीचा लेप लावून गच्चीवर बसणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे खरे.

विक्री आणि विश्वास

आपल्या घरापुरते कोणी काही बनविले तर तो त्याचा अधिकार आहे. परंतु बचत गटांतील भगिनी आता या वस्तू मेळ्यांतून विकू लागल्या आहेत. सौंदर्यप्रसाधने 1962 च्या दुरुस्तीने 1940 च्या औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि आज 2020 च्या नियमांनुसार ती विक्रीसाठी बनविण्यास परवाना लागतो. हा जाच आहे असे कोणी म्हणेल, आणि चार कढयांच्या उद्योगाला तो जड जातो हे मलाही मान्य आहे. परवान्याची वाट सोपी व्हावी ही मागणी रास्त होय. तो नसावा ही मागणी रास्त नव्हे. घरातील माणसाला आपण सांगू शकतो की, हा लेप आजच वापर. अनोळखी गिऱ्हाइकाला ते सांगणारी एकच जागा असते, ती म्हणजे वेष्टनावरील तारीख.

शाळांना एक विनंती

यावर उपाय म्हणून मी भाषणे सुचविणार नाही. प्रत्येक शाळेत ग्रॅम दाखविणारा एक तराजू आणि पीएच-कागदाची एक गुंडाळी असू द्या. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक मुलाने घरी पाहिलेले असते. तेथून आरंभ करावा. हळद केवळ अल्कता आहे एवढेच सांगते, ती किती आहे ते पीएच-कागद सांगतो. त्वचेचा पीएच 5 च्या आसपास असतो. साध्या साबणाच्या पाण्याचा 9 ते 10. लिंबाच्या रसाचा 2 ते अडीच. या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. हे एकदा कळले की लिंबाचा रस चेहऱ्यावर का चुरचुरतो हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. मुलांनी घरचा साबण आणावा, त्याचे पाणी तपासावे, आणि आकडा 11 किंवा त्याहून वर गेला तर ती वडी बाजूला ठेवावी.

आमच्या शहरात 1963 पासून राज्य वन संशोधन संस्था आहे. केंद्राची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थाही येथेच आहे. रिठा, शिकेकाई, मोह ही सारी त्यांच्या अभ्यासातील वनांची संपत्ती. संस्था आणि घरे यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते शाळा आणि सार्वजनिक वाचनालये भरून काढू शकतील.

मी भाषेचा विद्यार्थी आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. म्हणून शेवटी शब्दांविषयीच एक सूचना करतो. घरी बनविलेल्या वस्तूच्या डबीवर ‘नैसर्गिक’ आणि ‘रसायनविरहित’ हे शब्द लिहू नयेत. त्यांच्या जागी आत काय आहे, किती आहे, केव्हा बनविले आणि केव्हापर्यंत वापरावे, या चार गोष्टी लिहाव्यात. डबी तेवढीच राहील, पण ती हातात घेणाऱ्याला फसविणार नाही.