दूरचे युद्ध आणि दारातले प्रश्न

गाझातील युद्धाच्या निषेधार्थ आझाद मैदानावर सभा घेण्यास मुंबई पोलिसांनी परवानगी नाकारली, तेव्हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने उच्च न्यायालयात धाव घेतली. २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. परवानगीचा मूळ अर्ज दुसऱ्याच संघटनेचा होता, हा तांत्रिक मुद्दा त्यात होताच. परंतु लोकांच्या लक्षात राहिली ती खंडपीठाची तोंडी टिप्पणी. हजारो मैलांवरच्या प्रश्नाऐवजी आपल्याकडचा कचरा, प्रदूषण, सांडपाणी आणि तुंबणारे पाणी यांकडे लक्ष द्या, असा तिचा आशय होता. ऑगस्टमध्ये पोलिसांनी परवानगी दिली आणि तो वाद मिटला. त्यामागचा युक्तिवाद मात्र मिटलेला नाही. 'आधी आपल्या घरचे पाहा' हा सल्ला युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो, आणि पुष्कळदा तो हितचिंतकांकडूनच येतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांचा अनुभव हेच सांगतो. १९५९ मध्ये ते भारतात आले होते आणि मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' या दोन्ही वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीका केली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या सर्वांत जुन्या संघटनांपैकी एक असलेल्या 'एनएएसीपी'नेही नागरी हक्कांची चळवळ आणि शांततेची चळवळ यांची सांगड घालण्यास विरोध दर्शविला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ज्या अध्यक्ष जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने झाला, त्यांनाच दुखवायचे कशाला, असा हिशेब त्यामागे होता. गरिबी निर्मूलनाचा पैसा युद्ध गिळते आणि गरिबांचीच मुले त्यात मरतात, हे किंग यांचे उत्तर होते. घरचा प्रश्न आणि दूरचे युद्ध ही त्यांच्या लेखी एकाच जमाखर्चाची दोन पाने होती.

हा जमाखर्च मुंबईने त्याआधी तेवीस वर्षे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ६ मे १९४४ रोजी प्रकृतीच्या कारणास्तव आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर गांधीजी ११ मे रोजी विश्रांतीसाठी जुहूला आले आणि शांतिकुमार मोरारजी यांच्याकडे राहिले. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघांचेही त्या बंदिवासात निधन झाले होते. त्या वेळी शहर एका भीषण आघातातून सावरत होते. १४ एप्रिल रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागून युद्धासाठी आणलेल्या स्फोटकांचे दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ही बातमी जगाला सांगितली. युद्धकालीन सेन्सॉरमुळे येथील वार्ताहरांना मात्र ती बाहेर पाठविण्यासाठी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबावे लागले. सीमेपासून दूर असलेल्या शहराच्या दारात युद्ध येऊन ठेपले होते आणि त्याविषयी बोलण्याची मुभा सरकारच्या मर्जीवर होती.

जुहूच्या मुक्कामात गांधीजींनी मे महिन्याच्या उत्तरार्धात पंधरवडाभर मौन पाळले. तरीही २० मे रोजी बॅ. मुकुंदराव जयकर यांना लिहिलेल्या पत्रात, आजारपणामुळे झालेल्या या सुटकेचा आपल्याला आनंद नाही आणि ऑगस्ट १९४२ चा ठराव आपण मागे घेऊ शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. तो ठराव फॅसिझमच्या बाजूचा नव्हता. स्वतंत्र भारत आपले सारे बळ त्याविरुद्ध लावील, असेच त्यात म्हटले होते. आक्षेप होता तो लोकांना न विचारता त्यांच्या नावावर लढल्या जाणाऱ्या युद्धाला. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारताला युद्धात ओढले, तेव्हा लोकप्रतिनिधींशी सल्लामसलतही केली नव्हती.

या भूमिकेची पहिली कसोटी १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला लागली. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा भावे यांनी तेथे युद्धविरोधी भाषण केले. त्याआधी गांधीजींनी व्हाइसरॉयकडे एवढीच मागणी केली होती, की अहिंसक मार्गाने युद्धाविरुद्ध बोलण्याचे स्वातंत्र्य असावे. स्वतः लढण्यास नकार देणे एक वेळ चालेल, पण इतरांना परावृत्त करता येणार नाही, असे सरकारचे म्हणणे पडले. चार दिवसांत विनोबांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. सत्याग्रहाचे वृत्त छापण्यापूर्वी दिल्लीतील अधिकाऱ्याची संमती घ्यावी, असा आदेश आल्यावर गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकेच बंद केली. पुढील काही महिन्यांत वीस हजारांहून अधिक सत्याग्रहींना शिक्षा झाल्या.

या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अस्पृश्यांच्या नागरी हक्कांचा लढा उभारणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या युद्धात हिटलरविरोधी आघाडीच्या बाजूने उभे राहिले आणि जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली, त्यामागे त्यांचा आग्रह होता. नाझी राजवटीचे स्वरूप पाहता त्यांची भूमिका चुकीची होती असे आज कोण म्हणेल? खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरून सैन्यभरतीचा प्रचार केला होता. तात्पर्य, युद्धाला विरोध करणारा नेहमीच बरोबर असतो असे नाही. मात्र युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्याला सारी व्यासपीठे खुली आणि विरोधकाला तुरुंग, अशी स्थिती असेल, तर कोण बरोबर हे जनतेने ठरवायचे कसे?

म्हणूनच युद्धाविरुद्ध बोलण्याचा हक्क इतर सर्व हक्कांची कसोटी ठरतो. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात समाजमाध्यमावरील मजकुरासाठी अटक झालेल्या पुण्याच्या एका विद्यार्थिनीला याच मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि शासनाला खडे बोल सुनावले, याची येथे कृतज्ञतेने नोंद केली पाहिजे. देशाच्या स्वतःच्या सीमेवर संघर्ष पेटलेला असताना जे संरक्षण मिळू शकते, ते हजारो मैलांवरच्या युद्धाविषयी बोलणाऱ्यास मिळू नये, यात सुसंगती दिसत नाही.

कचरा आणि सांडपाणी हे मुंबईचे खरे प्रश्न आहेत आणि त्यांवर मोर्चे निघालेच पाहिजेत. परंतु नागरिकाने एका वेळी एकाच प्रश्नावर बोलावे, असा नियम राज्यघटनेने घातलेला नाही. चर्चला एप्रिलमध्ये परवानगी मागावी लागली नव्हती म्हणून किंग बोलू शकले. पवनारच्या विनोबांना ती मुभा नव्हती. आपले शहर या दोहोंपैकी कोणाच्या वाटेने जाणार, हे मैदानाच्या प्रत्येक अर्जावर ठरत असते.