कमानपाटे

बँकेत असताना ट्रकच्या तपासणीला जाई, तेव्हा मालक हौसेने सांगत, "साहेब, एक कमानपाटा जादा टाकलाय." जादा पाटा, जादा माल, हप्ता वेळेवर. मीही मान डोलावत असे. अशाच एका ट्रकची चासी घाटात तडकली. जप्तीच्या कागदावर सही माझीच.

यंदा कॅलिफोर्नियात मुलाकडे गेलो. १९७२ची फोर्ड एफ-१०० पिकअप त्याने घरीच उभी केली होती. गंज खरवडला, पाट्यांखालचा मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवला, त्याला हलायला जागा म्हणून चासी कापून तिथे जाड पत्रा जोडला. गाडी जमिनीलगत आली.

"अरे, आता ही ओझं कसं वाहणार?"

"बाबा, आयुष्यभर वाहिलंच की तिनं!"

हप्त्यापलीकडे मी गाडीकडे कधी पाहिलेच नव्हते. माणसांकडे तरी पाहिले होते का?