दवाखान्याची रांग व आमच्या आयाबहिणी

महाराष्ट्र सरकारनें १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी व औषधपाणी मोफत केलें, हें ठीकच झालें. पण गरीबाच्या बाईकडून एक फी अजून वसूल होतेच. ती फी म्हणजे तिचा दिवस. अकोले तालुक्यांतल्या बाईला स्त्रीरोगाच्या डॉक्टरासाठीं नगरास धाडलें, तर शंभरांवर किलोमीटरांची वाट, एस.टी.चें भाडें, बुडालेली खुरपणीची मजुरी, आणि घरीं तान्हें मूल. रांगेंत दुपार होते. "सोनोग्राफीला पुढच्या आठवड्यांत या," असें ऐकून ती परत फिरते. दुसऱ्या खेपेस ती येत नाहीं. दुखणें अंगावर काढते.

बायकांचीं हीं दुखणीं चारचौघांत बोललीं जात नाहींत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत बायकांची तपासणी करून १९८९ सालीं जें प्रसिद्ध केलें तें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. शंभरांतील ९२ बायकांना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता, आणि पूर्वीं तपासून घेतलेल्या शंभरांत अवघ्या ८ होत्या. दवाखान्यांत दिसते ती रांग लहान. खरी रांग चुलीपाशीं बसली आहे.

रांगेला कंटाळलेली बाई कर्ज काढून खाजगी दवाखाना गांठते. शेजारच्या बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं सरकारी समितीनें चौकशी केली, तेव्हां ऊसतोडीच्या १३ हजारांहून अधिक बायकांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. आमच्या पाथर्डी-शेवगांवच्या बायकाही ऊसाच्या फडांत कोयता चालवितात. वेळेवर तपासणी झाली, तर पुष्कळ तक्रारी औषधानेंच बऱ्या होतात.

यावर उपाय आमच्याच जिल्ह्यानें दाखविला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जामखेडास काम आरंभिलें. त्यांनीं अक्षरशत्रू, दलित बायकांस शिकवून गांवचें आरोग्य त्यांच्या हातीं दिलें. विद्या ही कोणाच्या घरची मिरास नव्हे, हें त्या बायकांनीं करून दाखविलें.

तेव्हां आमच्या मागण्या चार. गरोदर बायकांसाठीं २०१६ पासून दर महिन्याची ९ तारीख तपासणीची ठरली आहे. तसाच इतर स्त्रीरोगांसाठीं प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत तज्ज्ञ डॉक्टराचा दिवस ठरवावा, आणि तो बाजाराचा असावा. गांवच्या उपकेंद्रांतच नर्सबाईनें विचारपूस करून तारीख-वेळ घातलेली चिठ्ठी द्यावी. रक्ततपासणी व सोनोग्राफी त्याच खेपेंत व्हावी. आणि पाळी कायमची थांबल्यावर जिला पुन्हां रक्त जातें तिला रांगेंत बसवूं नये, आधीं पाहावें. तें कर्करोगाचें लक्षण असूं शकतें.

सरकारास सांगितलें, आतां घरच्या कारभाऱ्यास. बैल लंगडला, तर तुम्ही हातचें औत सोडून त्याच दिवशीं त्याला गुरांच्या दवाखान्यांत नेतां. घरधनीण वर्षभर कंबर धरून चालते, तें मात्र तुम्हांस दिसत नाहीं. येत्या ग्रामसभेंत हा विषय तुम्हीच काढा. बायकांनीं लाजेनें गप्प बसावें आणि पुरुषांनीं त्या लाजेचा फायदा घ्यावा, हें आतां पुरे झालें.